दूरदर्शन-मालिकेतून रुपेरी पडद्यावर

ब्रूस गेलर यांनी निर्माण केलेली ‘मिशन: इम्पॉसिबल’ ही मालिका अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर १९६६ ते १९७३ अशी सात पर्वे चालली; वेषांतर, बनावट दस्तऐवज आणि सूक्ष्म पूर्वयोजना यांच्या बळावर, शक्यतो गोळी न झाडता, शत्रूला त्याच्याच हातून गोत्यात आणणाऱ्या पथकाचा संयम हेच तिचे खरे सामर्थ्य होते. १९९६ साली ब्रायन डी पाल्मा यांनी तिला चित्रपटाचे रूप दिले, तेव्हा त्या पथकाचे स्थान टॉम क्रूझ यांच्या ईथन हंट या एकाकी वीराने घेतले, आणि मालिकेतील ज्या पथकप्रमुख जिम फेल्प्सवर प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे विश्वास टाकला होता, तोच फितूर ठरला. १९६७ पासून ती भूमिका गाजविणाऱ्या पीटर ग्रेव्हज यांना हे परिवर्तन रुचले नाही. मलाही तो त्या पात्रावरील अन्यायच वाटतो. तथापि दोराला लटकून, घामाचा थेंबही जमिनीवर पडू न देता केलेली लँग्ली येथील सीआयए मुख्यालयातील चोरी, हा जवळजवळ निःशब्द प्रसंग, मूळ मालिकेच्या प्रकृतीशी पुरेपूर इमान राखतो. लालो शिफ्रिन यांची पाच मात्रांच्या आवर्तनातील शीर्षकधूनही चित्रपटात कायम ठेवण्यात आली.