बॅकअप रोज होत होता, पण डिस्कमध्ये काहीच नव्हतं! दूध संस्था, सेवा केंद्र, दुकानदार सगळ्यांनी वाचावं असं

आमच्या गावच्या दूध संस्थेत दोन वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट आहे. सप्टेंबरअखेरीस एका संध्याकाळी वीज दोन-तीनदा गेली-आली आणि संस्थेचा कॉम्प्युटर जो बंद पडला तो चालूच होईना. आतली हार्ड डिस्क गेली होती. सचिव म्हणाले, "काळजी नको, बाहेरच्या डिस्कवर रोज बॅकअप घेतोय." ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, तर शेवटचा बॅकअप निघाला जूनचा. पुढचे साडेतीन महिने गायब.

दिवाळी तोंडावर. वर्षभर किती लिटर दूध घातलं त्यावर दिवाळीचा फरक निघतो. आता आकडे आणायचे कुठून? मग दवंडी दिल्यासारखं गावभर सांगितलं, ज्याच्या त्याच्या घरचं दूध कार्ड घेऊन या. काहींनी मशीनच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, पण त्या कागदावरची अक्षरं उडून पांढऱ्याफेक झाल्या होत्या. एक आजी मात्र कार्ड पिशवीत घालून, वर रबर लावून घेऊन आली. "सगळं लिवलंय बाबा ह्याच्यात, फॅटसकट." अशा कार्डांवरून अकरा दिवस बसून पोरांनी आकडे भरले. ज्यांचं कार्ड हरवलं होतं त्यांना मागच्या बिलांची सरासरी धरून पैसे मिळाले. त्यात कुणाचं नुकसान झालं, कुणी अजून बोलत नाही.

चूक काय झाली होती ते नंतर कळलं. ती समजून घेतली तर आपल्यावर ही पाळी येणार नाही, म्हणून हा लेख.

१. ड्राइव्हचं अक्षर बदललं

विंडोज प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतं. सी म्हणजे आतली, मग डी, ई असं पुढे. संस्थेच्या सॉफ्टवेअरला 'ई वर बॅकअप टाक' असं सांगून ठेवलं होतं. जूनमध्ये कुणीतरी डिस्क काढून पेनड्राइव्ह लावला, त्याने ई अक्षर घेतलं. परत डिस्क लावली तर तिला एफ मिळालं. पुढे पेनड्राइव्ह काढून नेला. सॉफ्टवेअर रोज ई शोधायचं, सापडायचं नाही, इंग्रजीत एक चौकट यायची आणि पोरगं ओके दाबून घरी जायचं.

उपाय सोपा आहे. डिस्क लावा, स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा. आपल्या बाहेरच्या डिस्कवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर' निवडा आणि शेवटचं एखादं अक्षर द्या, उदाहरणार्थ एक्स. पेनड्राइव्हला विंडोज सहसा पुढचं मोकळं अक्षर देतं, त्यामुळे एक्सवर टक्कर होत नाही. मग सॉफ्टवेअरमध्येही बॅकअपची जागा एक्स करा. ते विसरलात तर सगळं फुकट. आणि त्या मेन्यूत जवळच 'फॉरमॅट' असतं, त्याला हात लावू नका.

२. डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही

डिस्क लावली की दिसते, मध्येच गायब होते, कॉपी अर्धवट राहते. बऱ्याचदा दोष डिस्कचा नसतो, वायरचा नाहीतर पोर्टचा असतो. खिशात मावणारी डिस्क यूएसबीतूनच वीज घेते. जुन्या यूएसबी २ पोर्टला ५०० मिलीअँपिअरची मर्यादा, यूएसबी ३ ला ९०० ची. त्याच हबवर माऊस, प्रिंटर, वजनकाटा जोडला असेल तर डिस्कच्या वाट्याला कमी येतं. म्हणून डिस्क हबवर न लावता कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूच्या पोर्टला थेट लावा. वायर आखूड आणि चांगली घ्या. आधी वायर बदलून बघा, दुकानात पळायची घाई नको.

३. मोठी फाईल बसत नाही

डिस्कमध्ये शंभर जीबी मोकळे आहेत, तरी 'फाईल फार मोठी आहे' असं येतं. कारण डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. (दुधाच्या फॅटशी संबंध नाही!) त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही. पूर्ण कॉम्प्युटरचा बॅकअप किंवा लग्नाचा व्हिडिओ सहज त्यापुढे जातो. डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, तिथे 'फाईल सिस्टिम' लिहिलेलं असतं. फॅट-३२ असेल तर आतला सगळा डेटा आधी दुसरीकडे काढून ठेवा, मगच एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं, हे ध्यानात ठेवा.

४. जागा संपली

५०० जीबीची डिस्क कॉम्प्युटरवर साधारण ४६५ च दाखवते. फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. पण रोज नवा बॅकअप साठत गेला की डिस्क भरते आणि नवा बसत नाही. महिन्याचा एक आणि अलीकडचे काही ठेवा, बाकी जुने काढा. मात्र बाजारात अगदी कवडीमोलात २ टीबीचा पेनड्राइव्ह कुणी देत असेल तर लांब राहा. असे कितीतरी नकली निघतात. आकडा मोठा दाखवतात, फाईलही गेल्यासारखी दिसते, पण उघडायला गेलं की कोरी.

५. सॉफ्टवेअर चालू असताना बॅकअप

हिशोबाची फाईल उघडी असेल तर कॉपी होत नाही किंवा अर्धवट होते. संध्याकाळचं संकलन संपलं की आधी सॉफ्टवेअर बंद करा, मग बॅकअप घ्या. सॉफ्टवेअरमध्येच बॅकअपचं बटण असेल तर तेच वापरा.

६. डिस्कच खराब होतेय

कॉपी करताना तशीच वायर ओढून काढणं, बॅकअप चालू असताना वीज जाणं, यानं डिस्कमधली मांडणी बिघडते. मग 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा संदेश येतो. तिथे घाईने हो म्हणू नका. आधी दुसऱ्या कॉम्प्युटरला, दुसऱ्या वायरने लावून बघा. उघडली तर पहिलं काम आतला डेटा काढून घेणं. त्यानंतर प्रॉपर्टीज, टूल्स, चेक असं जाऊन तपासणी करा. डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यात उरलेलंही जातं. डिस्क काढताना नेहमी खालच्या कोपऱ्यातून 'सेफली रिमूव्ह' करून काढा. आणि कॉम्प्युटरला यूपीएस असू द्या.

बॅकअप उघडून बघा

हे सगळं केलं तरी एक काम उरतंच. आपण बियाणं पेरण्याआधी उगवण तपासतो ना? ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो. तसंच बॅकअपचं. दर दहा दिवसांचं बिल निघालं की डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, आधी तारीख बघा, मग त्या बॅकअपवरून सॉफ्टवेअर उघडून एका शेतकऱ्याचं बिल काढून बघा. ते कार्डाशी जुळलं तर बॅकअप खरा.

शक्यतो दोन डिस्क ठेवा. एक संस्थेत, एक सचिवांच्या घरी, आणि आलटून पालटून वापरा. काम झालं की डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेली राहिली तर विजेचा झटका असो की व्हायरस, कॉम्प्युटरबरोबर तीही जाते.

आमच्या संस्थेत आता भिंतीवर एक वही टांगलीय. बॅकअप कधी घेतला, कुणी उघडून पाहिला, खाली सही. येत्या वार्षिक सभेत तुम्हीही तुमच्या संस्थेत विचारा, "बॅकअप शेवटचा उघडून कधी पाहिला?" आणि तोपर्यंत आपलं दूध कार्ड पिशवीत घालून जपून ठेवा. महिन्याला त्याचा मोबाईलवर एक फोटो काढलात तर आणखी बरं.