तृतीयपंथी म्हणजे नेमके कोण?

लैंगिक अल्पसंख्याकांसाठी मराठीत सर्वाधिक रुळलेला शब्द म्हणजे ‘तृतीयपंथी’. बातम्यांत तो येतो, शासननिर्णयांत येतो, महाराष्ट्र शासनाच्या कल्याण मंडळाच्या नावातही आहे. ‘हिजडा’ आणि ‘छक्का’ हे शब्द शिवीसारखे वापरले जाऊ लागले, तेव्हा त्यांच्याऐवजी हा सभ्य शब्द म्हणून टिकला. पण पंथ म्हटला की गुरू आला, दीक्षा आली, परंपरा आली. गुरू-चेल्यांच्या घराण्यात राहणाऱ्या आणि शुभप्रसंगी बधाई मागणाऱ्या समाजाला हे वर्णन चपखल लागू पडते. जन्माच्या दाखल्यावर मुलगी असलेला आणि आज पुरुष म्हणून बँकेत नोकरी करणारा माणूस मात्र कोणत्याच पंथात गेलेला नसतो. समलिंगी पुरुषाचा तर या शब्दाशी काही संबंधच नाही.

नागपुरात हा गुंता रस्त्यावरच दिसतो. इथल्या बोलण्यात हिंदीतला ‘किन्नर’ सहज येतो. लैंगिक अल्पसंख्याकांसाठी काम करणाऱ्या सारथी ट्रस्टच्या पुढाकाराने शहरात 2016 पासून प्राइड मार्च निघू लागला. अशा मार्चमध्ये किन्नर असतात, गे आणि लेस्बियन असतात, ट्रान्सजेंडर असतात. त्याला ‘तृतीयपंथीयांचा मोर्चा’ म्हटले की निम्मे लोक बातमीतून गळतात आणि उरलेल्यांना नको ते नाव चिकटते.

मुळात इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. आकर्षण कोणाविषयी वाटते, हा एक. स्वतःला पुरुष, स्त्री की आणखी काही मानतो, हा दुसरा. पहिल्याला लैंगिक कल म्हणतात, दुसऱ्याला लिंगभाव ओळख. मराठीत ‘लिंग’ हा एकच शब्द अवयव, व्याकरण आणि सामाजिक ओळख या तिन्हींचे ओझे वाहतो, म्हणून घोळ वाढतो. शाळेच्या पुस्तकात जास्वंदीचे फूल ‘उभयलिंगी’ असते, कारण त्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. स्त्री आणि पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तीला हाच शब्द लावला, तर वाचक तिच्या शरीराचा विचार करू लागतो. तिथे ‘उभयलैंगिक’ बरा. आरोग्य खात्याच्या कागदांतला ‘एमएसएम’, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, हा एचआयव्ही प्रतिबंधासाठी घडवलेला शब्द आहे. तो वर्तन सांगतो. स्वतःची ओळख म्हणून तो क्वचितच कोणी सांगेल.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण (नालसा) खटल्याच्या निकालात, आपली ओळख पुरुष, स्त्री की तृतीय लिंगी हे ठरवण्याचा अधिकार ज्या-त्या व्यक्तीला दिला. संसदेने 2019 मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी कायदा केला तेव्हा त्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा आणि तमिळनाडूतील अरवाणी यांच्या जोडीला ‘जोगता’ हा शब्दही आला. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमाभागात यल्लम्मा देवीला वाहिलेला, लुगडे नेसून जोगवा मागणारा तो जोगता. नागपूरकरांना तो बहुधा 2009 च्या ‘जोगवा’ चित्रपटातून माहीत. त्याच्या ओळखीत देवी आधी येते, लिंगभाव नंतर. एका व्याख्येत बसवल्याने त्याला कायद्याचा आधार मिळतो, पण तेवढ्याने तो किन्नर होत नाही.

व्याख्या आखडली की काय होते, हे बांगलादेशात दिसले. तिथल्या सरकारने हिजडा ही ओळख मान्य केली, 2015 मध्ये काही जणांना सरकारी नोकऱ्याही देऊ केल्या. मग वैद्यकीय तपासणी झाली आणि डॉक्टरांनी त्यांना ‘पुरुष’ ठरवले. समाजाच्या लेखी हिजडा ही गुरूच्या घरातली ओळख होती. डॉक्टर शरीर तपासत बसले. तमिळनाडूने वेगळा मार्ग धरला. मद्रास उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून या समुदायांसाठी वापरायच्या शब्दांची यादीच 2022 मध्ये राजपत्रात छापली गेली. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींनी मानववंशशास्त्रज्ञांनी लादलेले नाव टाकून 1990 मध्ये ‘टू-स्पिरिट’ हे स्वतःचे नाव निवडले. महाराष्ट्रात हिजडा समाजातील कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी उलट केले: ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ या आत्मकथनाच्या नावातच तो शब्द मिरवला. त्यांनी स्वतःसाठी वापरला म्हणून बातमीदाराला तो कोणालाही लावता येत नाही.

मराठीत नामापेक्षा क्रियापद जास्त अडवते. इंग्रजीत बोलणाऱ्याला ‘आय’ म्हणून निभावता येते. मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’, नागपूरकडे ‘मी आली’, हे पावलोपावली ठरवावे लागते. घरी अजून न सांगितलेल्या ट्रान्स मुलीला जेवून उठतानाही ‘मी जेवलो’ म्हणावे लागते.

लिहिणाऱ्याला मात्र याच व्याकरणात एक वाट आहे. 2018 मध्ये नागपूरच्या लोकअदालतीच्या पॅनेलवर नेमल्या गेलेल्या ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या विद्या कांबळे यांच्याबद्दल लिहिताना प्रश्न नाही. त्या स्त्री म्हणून वावरतात, म्हणून ‘त्या म्हणाल्या’. जिथे माहीत नसते तिथे आधी विचारावे. विचारणे शक्यच नसेल तर ‘ते म्हणाले’ टाळून ‘त्यांनी सांगितले’, ‘त्यांना वाटते’, ‘त्यांचे म्हणणे असे’ लिहिता येते. या रचनांत क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. ‘ते आले’, ‘त्या गेल्या’ इथे मात्र ही सोय चालत नाही; तिथे वाक्यच फिरवून ‘त्यांचे येणे झाले’ असे काहीतरी करावे लागते, आणि ते कानाला खटकते.