घाट चढणाऱ्या ट्रकचा क्लच: निवड आणि बसवणी

कसारा किंवा खंबाटकी घाटात कोंडी झाली की भरलेल्या ट्रकला चढावर पुन्हा पुन्हा थांबून निघावं लागतं. निघताना इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. वेगातला हा फरक क्लच प्लेट घर्षणाने मिटवते आणि त्या घर्षणातून उष्णता तयार होते. घाटातला क्लच बहुतेक वेळा या उष्णतेनेच जातो. मग मालक दुकानात ‘हेवी ड्युटी’ सेट मागतो. ही मागणी रास्त आहे, पण जास्त ताकदीचा क्लच कामाला साजेसा निवडला आणि नीट बसवला तरच टिकतो.

आधी निदान

चढावर इंजिनचे फेरे वाढतात पण गाडीचा वेग वाढत नाही, जळका वास येतो, तेव्हा क्लच स्लिप होतोय असं समजावं. खात्री करायची तर मोकळ्या सपाट जागी पार्किंग ब्रेक लावून, वरचा गिअर टाकून पेडल हळूहळू सोडावं. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. ही चाचणी एकदाच करावी, कारण तीही प्लेट तापवते.

गिअर पडताना खरखर होत असेल तर तक्रार उलटी असते, क्लच पूर्ण सुटत नसतो. त्याचं मूळ हायड्रॉलिक लाइनमधल्या हवेत, वाकलेल्या प्लेटमध्ये किंवा जाम झालेल्या पायलट बेअरिंगमध्ये सापडतं. अशा गाडीला ताकदवान क्लच बसवून काहीच उपयोग होत नाही.

ताकद कशी ठरते

क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेटचा दाब, फेसिंगची पकड, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. या चारींचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता.

उदाहरणासाठी एक सिंगल प्लेट क्लच घेऊ. दाब २०,००० न्यूटन, म्हणजे सुमारे दोन टन वजनाइतका. पकडीचा गुणांक ०.३, सरासरी त्रिज्या १६ सेंटिमीटर, बाजू दोन. गुणाकार येतो १,९२० न्यूटन-मीटर. इंजिनचा सर्वाधिक टॉर्क ९५० असेल तर क्षमता त्याच्या दुप्पट झाली. आता क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून फेसिंगवर आलं आणि गुणांक ०.१ वर उतरला, तर तोच क्लच फक्त ६४० न्यूटन-मीटर पेलतो. नवा कोरा, महागडा सेटही मग स्लिप होतो. म्हणून जुनी प्लेट भंगारात टाकण्याआधी नीट पाहावी. तेलकट असेल तर सील गेलेलं आहे. निळे डाग आणि बारीक चिरा दिसल्या तर कारण उष्णता.

निवड

मालवाहू गाडीसाठी क्लचची क्षमता इंजिनच्या टॉर्कच्या दीड ते अडीच पट असणं पुरेसं असतं. त्यापुढे गेल्यास पेडल जड होतं आणि झटके गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट व डिफरन्शियलपर्यंत पोचतात. स्लिप होऊन वाचला असता असा धक्का मग महागड्या भागांना सोसावा लागतो.

फेसिंग दोन प्रकारचं मिळतं. ऑर्गॅनिक फेसिंग मऊपणे पकडतं. शहरात माल पोचवणाऱ्या, गोदामात सतत मागेपुढे करणाऱ्या गाडीला ते योग्य. सिरॅमिक बटणांची प्लेट जास्त उष्णता सोसते. खाणीतले टिपर, घाटात चालणारे ट्रेलर यांना ती उपयोगी. मात्र ती एकदम पकडते, निघताना गाडी थरथरू शकते आणि फ्लायव्हीलही जास्त घासतं.

प्लेटच्या मधल्या डॅम्पर स्प्रिंग इंजिनची थरथर शोषून घेतात. डिझेल इंजिनाला त्यांची गरज असते. स्वस्तात मिळते म्हणून स्प्रिंग नसलेली प्लेट घेतली तर गिअर खडखडतात आणि गिअरबॉक्सचं आयुष्य घटतं.

टॉर्क बराच वाढलेला असेल आणि घंटेत (बेल हाउसिंगमध्ये) मोठी प्लेट मावत नसेल तर ट्विन प्लेटचा विचार करावा. तिथे घासणाऱ्या बाजू दोनऐवजी चार होतात, म्हणून तेवढ्याच दाबात क्षमता दुप्पट होते. व्यास, स्प्लाइनचे दात आणि रिलीज बेअरिंग ढकलणारं आहे की ओढणारं, हे तिन्ही जुन्या सेटशी ताडून मगच पैसे द्यावेत.

बसवणी

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी जोडावर खूण करावी, म्हणजे तो त्याच स्थितीत परत बसतो.

गिअरबॉक्स उतरवताना आणि चढवताना तो जॅकवर सरळ धरावा. त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकलं तर प्लेटचा हब वाकतो आणि क्लच पहिल्या दिवसापासून पूर्ण सुटत नाही. घंटेतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या फेसिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

यानंतर फ्लायव्हील. नव्या प्लेटला डागाळलेला, खाचा पडलेला पृष्ठभाग देऊ नये. लेथवर सफाई करून घ्यावी. खोल चिरा असतील किंवा जाडी कंपनीच्या मर्यादेखाली जात असेल तर फ्लायव्हील बदलावं. पायरी असलेल्या फ्लायव्हीलमध्ये घासणारी बाजू जितकी कापली, तितकीच प्रेशर प्लेट बसते ती बाजूही कापावी. नाहीतर दाब कमी पडतो. याच वेळी मागचं ऑइल सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग नवीन घालावं. पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढे त्यांची किंमत किरकोळ असते.

स्प्लाइनला ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा आणि जादा ग्रीस पुसून टाकावं. प्लेटवर फ्लायव्हीलच्या बाजूची खूण असते, ती पाहूनच प्लेट लावावी. डमी शाफ्टने प्लेट मध्यावर धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत आणि शेवटी टॉर्क रेंच लावून मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत न्यावेत. गिअरबॉक्स हाताने सरकत घंटेला टेकला पाहिजे. तो बोल्ट आवळून ओढून घेऊ नये. शेवटी हायड्रॉलिक लाइनची हवा काढावी आणि पेडलची मोकळीक मॅन्युअलप्रमाणे ठेवावी.

चालवताना

नव्या सेटला सुरुवातीचे काही शे किलोमीटर हलक्या मालावर चालवावं, म्हणजे प्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांशी जुळतात.

त्यानंतर सगळं ड्रायव्हरच्या पायावर आहे. सपाट रस्त्यावर निघताना क्लचमध्ये जवळपास तितकीच उष्णता तयार होते, जितकी गतिज ऊर्जा गाडीला मिळते. २५ टनांचा ट्रक पहिल्या गिअरमध्ये ताशी ५ किलोमीटरवर क्लच पूर्ण जोडून निघाला तर सुमारे २४ किलोज्यूल उष्णता होते. तोच तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी १० किलोमीटरवर जोडला गेला तर सुमारे ९६. वेग दुप्पट, उष्णता चौपट. चढावर यात आणखी भर पडते. हाफ क्लचवर गाडी तोलून धरली तर उष्णता अखंड तयार होत राहते.

म्हणून मालकांना सांगणं आहे: चांगला सेट घ्या, पण जुना का जळला हे मिस्त्रीकडून समजून घेतल्याशिवाय बिल देऊ नका. आणि ड्रायव्हरला सांगा, चढावर थांबायचं ते ब्रेकवर आणि निघायचं ते पहिल्या गिअरमध्ये.