तोंड नसलेला रोबोट रडवतो कसा? 'द वाइल्ड रोबोट'च्या पडद्यामागच्या गोष्टी

आजरा : निर्जन बेटावर येऊन पडलेला एक रोबोट हंसाचं अनाथ पिल्लू वाढवतो, त्याला पोहायला अन् उडायला शिकवतो. २०२४ साली आलेल्या 'द वाइल्ड रोबोट' या ॲनिमेशन चित्रपटाची गोष्ट एवढीच. पण तो बनला कसा, हे जाणून घेण्यासारखं आहे.

गोष्ट पुस्तकातली : लेखक पीटर ब्राऊन यांचं मुलांसाठीचं पुस्तक २०१६ मध्ये आलं. त्यातली चित्रंही त्यांचीच. दिग्दर्शक ख्रिस सँडर्स यांनी त्यावर चित्रपट केला.

रोबोटला तोंडच नाही : रॉझ नावाच्या या रोबोटला ओठ नाहीत, भुवया नाहीत. राग, माया, काळजी सगळं दिसतं ते डोळ्यांतल्या उजेडातून, मान वळवण्यातून आणि लुपिता न्योंगो या अभिनेत्रीच्या आवाजातून. मुकं जनावर नुसतं उभं कसं आहे यावरून आपण त्याचं दुखणं ओळखतो की नाही, तसंच हे.

रान हातानं रंगवलेलं : चित्रपट कॉम्प्युटरवरचाच, पण झाडं, डोंगर, आभाळ चित्रकारांनी ब्रशच्या फटकाऱ्यांसारखं रंगवलंय. १९४२ च्या 'बॅम्बी'तलं जंगल त्यांच्या डोळ्यासमोर होतं. रॉझ सुरुवातीला गुळगुळीत, कोरी दिसते. रानात रुळेल तशी तीही चित्रासारखी होत जाते. पुन्हा बघाल तेव्हा हे नीट बघा.

शब्द आला कुठून : 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या चेक नाटकातून जगभर गेला. मूळ शब्दाचा अर्थ वेठबिगारी! त्याच १९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा 'सैरंध्री' आला. तेही आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, मग स्वतः कॅमेरा बनवला.

आता मुद्द्याचं. 'चित्रं काढून पोट भरतंय व्हय?' असं आपण पोरांना सहज बोलून जातो. पण एवढी यंत्रं हाताशी असूनही या चित्रपटाला चित्रकाराचाच हात लागला. त्याला ऑस्करची तीन नामांकनं मिळाली. ॲनिमेशनचं ऑस्कर मात्र 'फ्लो' या लॅटव्हियाच्या छोट्या चित्रपटानं नेलं, आणि तो बनला 'ब्लेंडर' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. शाळेत कॉम्प्युटर असेल तर पोरांना ते उघडून बघू द्या. वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणाऱ्या पोराला रागवायच्या आधी ते चित्र एकदा बघा तरी.