रेडिओ स्कॅनरमध्ये पहिल्यांदा काय भरावे?

अमेरिकेत नवा स्कॅनर घेणाऱ्याने पोलिसांच्या संभाषणामागे लागण्याआधी हवामान केंद्रांच्या सात वाहिन्या भराव्यात. त्या १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झदरम्यान असून त्यांवरील प्रक्षेपण अहोरात्र चालते. त्यामुळे अँटेना आणि स्क्वेल्च, म्हणजे संदेश नसताना खरखर दाबणारी मर्यादा, यांची परीक्षा लगेच होते.

पुढचा टप्पा विमानांचा. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वैमानिक ए.एम. पद्धतीने बोलतात; स्कॅनर एफ.एम.वर राहिला, तर वारंवारता अचूक असूनही बोलणे धड कळत नाही आणि खापर मात्र यंत्रावर फुटते.

खरी गुंतागुंत ट्रंकिंगची आहे. या व्यवस्थेत मोजक्या वारंवारता अनेक गट आळीपाळीने वापरतात आणि कोणाचे बोलणे या घडीला कोठे चालू आहे, हे नियंत्रण वाहिनी स्कॅनरला कळवते. म्हणून सुटी वारंवारता भरल्यास संभाषणाचे तुकडेच हाती लागतात, तर नियंत्रण वाहिनीसह गटांचे क्रमांक (टॉकग्रुप) भरल्यास ते सलग ऐकता येते. ‘पी२५ फेज २’ या डिजिटल ट्रंकिंग प्रणालीसाठी तशी क्षमता असलेलाच स्कॅनर लागतो. कूटबद्ध संभाषण मात्र महागड्या स्कॅनरवरही उलगडत नाही.

काही राज्यांत वाहनात स्कॅनर बाळगण्यावर निर्बंध आहेत, ते आधी पाहावेत. शंका जरूर विचाराव्यात. सोबत स्कॅनरचे मॉडेल आणि परगणा कळवावा.