चित्रांचा भार आणि व्यापाऱ्याची दक्षता

आपल्या मालाची ओळख दूरच्या ग्राहकास करून देण्यासाठी आज अनेक सभासद बंधू पॉवरपॉइंटवर सचित्र सादरीकरण तयार करतात. परंतु चित्रे वाढली की फाइल जड होते, आणि जीमेलवरून तर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडून पाठविता येत नाही.

या जडपणाचे मूळ चित्रांच्या बिंदुसंख्येत आहे. ४००० × ३००० मापाच्या छायाचित्रात १ कोटी २० लक्ष बिंदू असतात. १९२० × १०८० मापाच्या पडद्यावर मात्र सुमारे २१ लक्षच मावतात. उरलेला भार व्यर्थ होय. यास्तव प्रथम मूळ फाइलची प्रत निराळी राखावी, कारण गाळलेले बिंदू परत मिळत नाहीत. नंतर चित्र निवडून ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ ही आज्ञा द्यावी. ती सर्व चित्रांस लागू करावी. पडद्यापुरते १५० पीपीआय पुरेसे असते.

याच ठिकाणी व्यापाऱ्याने एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. बिलाच्या चित्राची कड कापून ग्राहकाचे नाव वा खरेदीचा भाव दृष्टिआड केला, तरी तो भाग फाइलमध्ये शिल्लक राहू शकतो, व समोरच्या माणसास तो पुन्हा उघडून पाहता येतो. म्हणून त्याच आज्ञेतील ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’ या पर्यायावर खूण अवश्य असावी.

अनावश्यकाचा संग्रह टाळावा, ही अपरिग्रहाची शिकवण येथेही उपयोगी पडते. तिने फाइल हलकी होते आणि ग्राहकाने टाकलेला विश्वासही सुरक्षित राहतो.