नळीचे घर

भात पोटरीला आले की महाड-पोलादपूरकडच्या डोंगरवाड्यांत रानडुकरांची धास्ती सुरू होते. वर्षाची कमाई कळप एका रात्रीत लोळवतो. म्हणून कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक ही काही शौकाची वस्तू नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे वनखात्याच्या परवानगीवाचून डुकरावर गोळी झाडता येत नाही. तेव्हा कित्येक घरी ती बार काढून कळप हाकलण्यापुरतीच राहिली आहे.

ही बंदूक तोंडाकडून भरायची. आधी दारू, त्यावर बोळा, मग छरे, आणि हे सारे गजाने ठासायचे. कानावर केप ठेवून घोडा पाडला की बार. एवढे इकडच्या पोरालाही ठाऊक असते. पण तीन फुटांची ती लोखंडी नळी लाकडात बसते कशी, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. आमच्या एका नातलगाच्या बंदुकीचा दस्ता मुठीपाशी उभा चिरला, तेव्हा मलाही ते पाहायला मिळाले.

दस्ता चिरला तो लाकूड हलके म्हणून नव्हे. लाकूड चांगले शिसवीचे होते. बार होताना नळी मागे रेटा देते, तो रेटा नळीचे बूड लाकडाच्या मागच्या भिंतीवर टाकते. बूड सगळीकडून सारखे टेकले असेल तर धक्का भिंतभर वाटला जातो आणि खांद्यापर्यंत निमूट पोचतो. इथे ते डाव्या अंगालाच टेकत होते. प्रत्येक बार म्हणजे लाकडात ठोकलेली पाचरच की! जुन्या तोड्याच्या बंदुकीत नळी वादीने किंवा पट्ट्यांनी लाकडावर बांधलेली असे. ढिली झाली तर पुन्हा आवळता येई. इथे सगळी भिस्त खाचेवर.

1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, म्हणून तसा परवाना असलेल्या कारागिराकडेच ती नेली. लाकूड निवडताना त्याने रंग पाहिला नाही, रेषा पाहिल्या. मुठीच्या जागी रेषा आडव्या तुटत असतील तर तो ठोकळा बाद. मग मधोमध सूत मारून त्याने खाच आखली. नळी निम्मी लाकडात, निम्मी वर. आधी बुडाची भिंत, मग पुढे तोंडापर्यंत. आणि बुडाच्या पेचाला असलेली पोलादी शेपटी सर्वांत शेवटी.

पटाशीचे मोठे काम तासाभरात उरकते. खरे काम पुढेच. दिव्याची काजळी तेलात कालवून नळीला पातळ चोपडायची, नळी खाचेत ठेवून वरून मोगरीने हलकेच ठोकायची आणि सरळ वर उचलायची. डुलवून काढली तर खाचेच्या कडा दबतात. लाकडावर जिथे काळे उमटले तिथे उंचवटा, तेवढाच खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा नळी. असे पन्नास वेळा तरी झाले असेल, मी मोजणे सोडून दिले.

नवशिका फसतो तो बाजूच्या डागांना. नळी आतबाहेर करताना बाजूच्या भिंतींना काजळी नुसती पुसली जाते. तो उंचवटा समजून पोरगा भिंत खरवडतो, आणि संध्याकाळी पाहावे तर नळी खाचेत खुळखुळते! कारागीर म्हणाला, "मास्तर, तळ बोलतो तेवढंच ऐकायचं."

दुसरी अडचण आपल्या पावसाची. लाकूड आषाढात आडवे फुगते, चैत्रात आवळते. लांबीत मात्र फारसे बदलत नाही. म्हणून मुरलेलेच लाकूड घ्यायचे आणि खाच आतूनही जवसाचे तेल पाजून ठेवायची. बाहेरून झिलई आणि आत कोरडे लाकूड, हा खोटा व्यवहार. नळीखालच्या कानांतून आडवे खिळे जातात, त्यांची भोकेही नळीच्या लांबीत किंचित लांबट ठेवतात. नाही तर लाकडाच्या हालचालीने नळीवर ताण येतो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेपटी बसली. कारागिराने वहीचा पातळ कागद फाडून बूड आणि भिंत यांच्या फटीत सरकवून पाहिला. उजवीकडून गेला नाही. डावीकडून टोक जरासे शिरले. त्याने काही न बोलता नळी पुन्हा वर काढली आणि काजळीची वाटी जवळ ओढली.